उपाशी झाड खुजं राहत नाही, मरतं

बोन्साय म्हणजे झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं, असं बरेच जण म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. माझ्या गच्चीवर पसरट कुंडीत एक वड आहे. माती जेमतेम चार बोटं खोल, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावंच लागतं, एक वेळ चुकली तरी पानं माना टाकतात. दोन-तीन वर्षांनी पावसाच्या तोंडावर तो बाहेर काढते, तळाशी चटईसारखी विणली गेलेली मुळं छाटते, ताजी माती भरते. काही आठवड्यांत कुंडीच्या भोकातून पांढरी मुळं डोकावायला लागतात. हा छळ कसा?

बोन्साय जपानी म्हणून ओळखलं जात असलं, तरी त्याचा उगम चीनचाच. युवराज चांगहुआईच्या इ.स. 706च्या थडग्यात तबकात चिमुकली झाडं घेऊन चाललेल्या सेवकांचं भित्तिचित्र आहे. पण या कलेमागचा विचार समजायचा तर हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा पाइन बघावा. तो 1625पासून कुंडीत वाढतोय. 6 ऑगस्ट 1945ला बॉम्ब पडला त्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर होता, बागेच्या भिंतीआड वाचला. 1976मध्ये मसारू यामाकींनी तो अमेरिकेलाच भेट दिला! बॉम्बमधून वाचल्याची गोष्ट तिथल्या लोकांना कळली थेट 2001मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे आणि आता तिथली माणसं त्याला रोज पाणी घालतात.