इन्हेलर सुरू असताना दोन महिने बसलेला आवाज आणि गळ्याशी अडकणारा श्वास

हिरवाखडू (प्रश्न):
मला लहानपणापासून दमा आहे. गेले दीड वर्ष ब्युडेसोनाइड (दाह कमी करणारे स्टिरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका रुंदावणारे औषध) एकत्र असलेला, भुकटी ओढून घेण्याचा इन्हेलर मी सकाळ-संध्याकाळ वापरते. दमा आटोक्यात आहे, रात्री खोकल्याने जाग येत नाही. मात्र दोन महिन्यांपासून आवाज घोगरा झाला आहे. शिकवण्याच्या कामामुळे रोज चार-पाच तास मोठ्याने बोलावे लागते आणि शेवटच्या तासापर्यंत आवाज इतका बसतो की बराचसा धडा मी फळ्यावर लिहूनच निभावून नेते. प्रत्येक डोसनंतर न चुकता गुळण्या करते. तोंडात पांढरे चट्टे नाहीत, गिळताना दुखतही नाही. मागच्या महिन्यात मनानेच आठवडाभर इन्हेलर बंद ठेवून पाहिला, तेव्हा आवाज थोडा मोकळा झाला, पण पाचव्या रात्री खोकला परतला. याखेरीज दोनदा जिना चढताना श्वास छातीत नव्हे, तर थेट गळ्याशी अडकला. श्वासनलिका झटपट रुंदावणारा साल्ब्युटामॉलचा पंप घेऊनही फरक पडला नाही आणि काही मिनिटांत सारे आपोआप निवळले. हा औषधाचा परिणाम समजावा की दमाच वाढतो आहे?

शांतश्वास:
मी वीस वर्षांचा दमेकरी आहे, डॉक्टर नाही, त्यामुळे केवळ अनुभव सांगतो. फवाऱ्याच्या पंपातील औषधाचा मोठा भाग फुप्फुसांपर्यंत पोहोचतच नाही, तो तोंडात आणि घशातच बसतो, हे मला फार उशिरा समजले. स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाला जोडायचे नळकांडे, लावल्यावर तो भाग त्या नळकांड्यातच राहू लागला आणि माझ्या घशाची खवखव कमी झाली. तुमचा इन्हेलर भुकटीचा असल्याने त्याला स्पेसर जोडता येणार नाही, पण पंपाचा प्रकार बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोलता येईल. दुसरे असे, की डोस दात घासण्याआधी आणि जेवणाआधी घ्यावा, म्हणजे तोंडात उरलेले औषध विनासायास निघून जाते. गुळण्यांचे पाणी मात्र गिळू नये, थुंकून टाकावे.

कंठविचार:
मी कान-नाक-घसा विभागात काम करते. वरील सल्ला योग्य आहे, तरी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. गुळण्यांचे पाणी घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत जाते. स्वरयंत्र त्याच्या खाली असते आणि पाणी तिथे पोहोचले तर आपल्याला ठसका लागतो. म्हणून गुळण्यांनी तोंडातील बुरशीचा संसर्ग बऱ्याच अंशी टळतो, पण स्वरपट्ट्यांवर बसलेले औषध धुतले जात नाही. तुम्ही सर्व पथ्ये पाळूनही आवाज बसला, यात तुमचा हलगर्जीपणा दिसत नाही. श्वासावाटे घेतलेले स्टिरॉइड जाताजाता स्वरपट्ट्यांवर साचते, त्यांचे आवरण चिडते आणि काहींच्या बाबतीत पट्ट्या जवळ आणणारे स्नायूही शिथिल होतात, असे मानले जाते. त्यात भुकटी जोरात ओढावी लागते आणि तुमच्यासारख्या दिवसभर आवाज वापरणाऱ्यांना हा त्रास लवकर जाणवतो. औषधात किंवा साधनात बदल केल्यावर आवाज बहुधा पूर्ववत होतो.

इन्हेलर मनाने बंद करणे मात्र धोक्याचे आहे. श्वासनलिकांचा दाह स्टिरॉइडमुळे दबलेला असतो, तो नाहीसा झालेला नसतो. पाचव्या रात्रीच्या खोकल्याने तुम्हाला तेच दाखवून दिले. दमा सुमारे तीन महिने स्थिर असेल तर डॉक्टर मात्रा कमी करण्याचा विचार करतात, किंवा स्पेसरसह फवाऱ्याचा पंप, अथवा सिक्लेसोनाइडसारखे मुख्यतः फुप्फुसांत पोहोचल्यावर सक्रिय होणारे औषध सुचवतात. दोन महिन्यांचा घोगरेपणा मात्र केवळ औषधाच्या माथी मारून मोकळे होऊ नये. चार आठवड्यांहून अधिक बसलेला आवाज एकदा दुर्बिणीतून पाहून घ्यावाच, कारण जठरातील आम्ल घशापर्यंत चढणे, ॲलर्जीमुळे नाकातील स्राव मागे उतरणे आणि अतिवापराने स्वरपट्ट्यांवर आलेल्या गाठी, या तिन्हींची लक्षणे वरवर सारखीच वाटतात. तोपर्यंत घसा खाकरू नका. खाकरताना स्वरपट्ट्या एकमेकींवर आदळतात. त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यावा.

हिरवाखडू:
खाकरण्याची सवय मला आहेच, कदाचित वर्गात सर्वाधिक तीच ऐकू येत असेल. जिन्यावरच्या त्या दोन प्रसंगांबद्दल मात्र अजून धास्ती वाटते.

कंठविचार:
ते दम्याहून वेगळे असू शकते. श्वास आत घेताना स्वरपट्ट्या उघडायच्या ऐवजी जवळ येतात, तेव्हा आवळल्यासारखे गळ्यापाशी वाटते, आत घेतानाच त्रास होतो, झटका अचानक येतो आणि तसाच जातो, आणि श्वासनलिका रुंदावणाऱ्या पंपाचा उपयोग होत नाही. दम्यात छाती दाटते आणि श्वास बाहेर सोडताना अधिक त्रास होतो. 1983 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अशा पाच रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले होते, ज्यांचा आजार दम्याचा भासत होता, पण दोष स्वरपट्ट्यांच्या हालचालीत होता. अवघड भाग असा की दोन्ही आजार एकाच व्यक्तीत असू शकतात. त्यामुळे आपापसांत निदान करू नका. बोलताना वाक्य पूर्ण होत नसेल किंवा ओठ निळसर पडत असतील, तर डॉक्टरांनी ठरवून दिल्याप्रमाणे पंप घेऊन तातडीने रुग्णालय गाठा.

तसे नसेल तर बसून खांदे सैल सोडा, नाकाने हलकेच हुंगल्यासारखा श्वास घ्या आणि ओठ चिमटून 'स्‌स्‌' असा सावकाश सोडा. वाचोपचारतज्ज्ञ हे तंत्र नीट शिकवतात. झटका ओसरल्यावर स्वरयंत्र पाहिले तर ते बहुतेक वेळा अगदी सामान्य दिसते, त्यामुळे तपासणीत काही सापडले नाही तरी 'सारे मनाचे खेळ' असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मान्य करू नका.

शांतश्वास:
म्हणूनच पुन्हा तसे झाले तर जवळच्या कुणाला मोबाईलवर चित्रण करायला सांगा, आवाजासह. आत घेतानाचा आवाज ऐकवला की डॉक्टरांना नेमके काय तपासायचे ते लगेच उमगते, असे माझ्या बहिणीच्या बाबतीत झाले होते.