अनुभव धागा : पोलीस गेले तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं?

परवा २१ ऑक्टोबर झाला, पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली या तारखेला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी गोळीबारात सीआरपीचे दहा जवान पडले, तेव्हापासून हा पाळतात. माझे बाबा इकडं कर्नाटक पोलिसात होते. लहानपणी एकदा मला परेड बघायला घेऊन गेले. बंदुका उलट्या, नळी बुटावर टेकलेली, सगळ्यांच्या माना खाली आणि एक साहेब वर्षभरात देशभर गेलेल्यांची नावं वाचतायत. यादी संपेचना. उन्हानं चक्कर यायला लागली म्हणून बाबांकडं बघितलं, तर त्यांचे ओठ हलत होते. घरी येऊन विचारलं, तर म्हणाले, "मोजत होतो." आणि चहा मागितला.

२६/११ ला मुंबईच्या हल्ल्यात पोलीस गेले, तेव्हा तुम्ही कुठं होता? टीव्हीसमोर, मुंबईत, ड्युटीवर? बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कुठलेही असा, लिहा. सीमावादावर भांडायला दुसरे धागे आहेत.

कागवाडचा पोरगा
मी तेव्हा कागवाडहून सांगलीला कॉलेजला जायचो. अशोक कामटे पूर्वी सांगलीचे एसपी होते, त्यामुळं त्यांच्या व्यायामाचे, दराऱ्याचे किस्से कट्ट्यावर रोजचेच, निम्मे फुगवलेले. २७ ला सकाळी टीव्हीच्या खालच्या पट्टीत करकरे, साळसकर आणि कामटे. तिघे कामा हॉस्पिटलजवळ एकाच गाडीत होते. मिरज स्टँडवर चहावाला म्हणाला, "आपला साहेब गेला की रे." मधे ते सोलापूरला आयुक्तही होऊन गेले होते. पण साहेब आमचाच.

पेन्शनी
ओंबळ्यांबद्दल एक गोष्ट कुणी बोलत नाही. तुकाराम ओंबळे आधी फौजेत होते, सिग्नल्समध्ये. पेन्शन घेऊन पोलिसात भरती झालेले. आमच्या बेळगावात फौजेचं मराठा सेंटर, त्यामुळं असली माणसं गल्लीगल्लीत. बायको म्हणते, आता बसा घरी, आणि गडी परत कुठंतरी डगला चढवतो. रायफलची नळी हातानं धरायची म्हणजे काय, ते चालवलेल्यालाच कळतं. एकापाठोपाठ बरेच राउंड सुटले की नळी हातात धरवत नाही, अशी तापते. ह्यांनी गोळ्या पोटात घेतल्या तरी सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत सापडला. हातात नुसती काठी होती.

खानापूरची, आता लालबाग
मी तेव्हा नुकतंच लग्न होऊन मुंबईला आलो होतो. (होय, आमच्याकडं बायका 'आलो'च म्हणतात, हसू नका.) २९ ला करकऱ्यांचे अंत्यसंस्कार दादरला होते. आम्ही चाळीतल्या सात-आठ जणी चालत गेलो. एरवी गणपतीत दोर ओढून ढकलाढकल करणारी तीच माणसं, पण त्या दिवशी दोराला कुणी हात लावेना. बंदोबस्ताचा एक हवालदार उभा होता, डोळे लाल. शेजारच्या मावशींनी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं घेतली, झाकण उघडलं, परत लावलं आणि तशीच हातात धरून राहिला.

हिंडलगेकर
लिहू की नको, असं चाललं होतं. आमच्या घरात 'हुतात्मा' म्हणजे सीमालढ्यातले, १७ जानेवारीचे, १९५६ चे, आणि १ जूनचे, १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधातल्या आंदोलनाचे. दोन्ही वेळी समोर खाकीच होती. ८६ ला आजीच्या भावाच्या मांडीला गोळी लागली, पाय शेवटपर्यंत अधू. रस्त्यात पोलीस दिसला की आजी पदर ओढून पलीकडनं जायची.
त्या आठवड्यात टीव्हीवर ओंबळ्यांचा फोटो आला.
"ह्यो कुणाचा गा?"
"साताऱ्याकडचा. पोलीस."
"हातात काय हुतं त्येच्या?"
"काठी."
बराच वेळ काही बोलली नाही. मग देवाजवळचं निरांजन उचलून टीव्हीवर ठेवलं. काका ओरडले, पेटेल म्हणून. तिनं काढलं नाही. पुढंही पोलीस दिसला की पलीकडनंच जायची, ते काही बदललं नाही.

निपाणीकर
वाचतोय. माझं लिहिण्यासारखं काही नाही, रात्रभर टीव्ही बघितला आणि सकाळी वखारीत कामाला गेलो.

धागाकर्ती
@हिंडलगेकर, तुमचं बाबांना वाचायला दिलं. चष्मा लावून दोनदा वाचलं. ८६ साली ते बंदोबस्ताला होते. कुठं, ते आम्हाला कधी सांगितलेलं नाही. वाचून झाल्यावर एवढंच विचारलं, "आजी आहेत काय अजून?"

हिंडलगेकर
नाही. २०१४ ला गेली. बाबांना नमस्कार सांगा.