दाखल करतानाच घाबरवून सोडायचं, मग ट्रीटमेंट कसली?

सावली_ठाणे:
मनोरुग्णालयाच्या लेडीज वॉर्डात येणाऱ्या कितीतरी बायकांनी नवऱ्याची मारहाण, लहानपणीचे अत्याचार सोसलेले असतात, तिथं काम करणाऱ्या कुणालाही विचारा. आणि आपण त्यांना आत घेतो कसं, तर दोघी आया हात धरणार, एक शब्द न बोलता कपडे बदलणार, बांगड्या ओढून काढणार. म्हणजे घरात जी जबरदस्ती झाली तीच पहिल्या अर्ध्या तासात परत. ती किंचाळली की फाईलवर ॲग्रेसिव्ह आणि वर इंजेक्शन. ट्रॉमा म्हणजे मनावर बसलेला आघात, आणि ट्रॉमा-इन्फॉर्म्ड केअर म्हणजे एवढंच की समोरच्यावर आधी काहीतरी बेतलं असेल असं धरून वागायचं, आपण त्यात भर घालायची नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात कलम 20 बघा, सक्तीने केस भादरायचे नाहीत, स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे. कायद्यात लिहावं लागलं हे!

ओपीडीतला_हमाल:
मॅडम, मी सरकारी ओपीडीत बसतो. देशात लाख लोकांमागे एक सायकिॲट्रिस्ट पण नाहीये. बाहेर रांग, मागच्या गोळ्या संपलेल्या, एकेकाला चार-पाच मिनिटं मिळतात, त्यात मी ट्रॉमा विचारू का झोप-भूक-आवाज ऐकू येतात का ते विचारू? वर्कशॉपला जाऊन आलेले लोक आम्हाला शिकवतात याची खरंच चीड येते.

सावली_ठाणे:
विचारू नकाच! पण दार उघडं, शेजारी सासू बसलेली, आणि प्रश्न पेशंटला विचारला तरी उत्तर सासूच देतेय, हे तुमच्याच ओपीडीत रोज होत असणार. तिला दोन मिनिटं बाहेर बसवायला कुठली पोस्ट मंजूर करून आणायचीय?

रात्रपाळी:
मी सिस्टर आहे. बांगड्या आम्ही हौसेने नाही काढत. काचेच्या तुकड्याने मनगट कापून घेतलेली मुलगी मी बघितलीय. आणि रात्री वॉर्डात आम्ही दोघीच असतो, एखादी अंगावर धावून आली की मार आम्हीच खातो, आमच्या ट्रॉमाचं कोण बघतंय? बांधून ठेवायला त्याच कायद्याच्या कलम 97 मध्ये परवानगी आहे, दुसरा इलाजच नसेल तर आणि डॉक्टरने लिहून दिलं तर. पण रात्री दोनला डॉक्टर फोन उचलेपर्यंत काय करायचं तेवढं सांगा.

नगरी_माणूस:
मी जरा वेगळं बोलतो. माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. एका समुपदेशकाने पहिल्याच भेटीत आईला विचारलं, लहानपणी घरात काय झालं होतं? काही झालेलं नव्हतं हो. पण आई त्यानंतर कित्येक दिवस जुनं आठवत रडायची की मी याला कधी मारलं होतं का. शेवटी गोळ्यांनीच फरक पडला. सगळ्याला ट्रॉमा चिकटवायची फॅशन आलीय आणि खापर फुटतं घरच्यांवर.

औसा_लातूर:
+1. किल्लारीच्या भूकंपानंतर, 1993 ला, आमच्याकडं जो येईल तो विचारायचा तुमचं कोण गेलं, कसं गेलं, सांगा. सांगून सांगून लोकं कंटाळली. आता जागतिक आरोग्य संघटना पण म्हणते की संकटानंतर लगेच असं सगळं उकरून बोलतं करायचं नाही. आधी पाणी, निवारा, आपली माणसं शोधून द्या, बोलायचं तो बोलेल त्याच्या मनाने.

सावली_ठाणे:
औसावाले, मी तरी दुसरं काय म्हणतेय? नगरी, त्या समुपदेशकाने केलं ते चूकच, पण ते माझ्या खात्यावर टाकू नका 🙏 न उकरता नीट वागणं हाच तर मुद्दा आहे. सिस्टर, बांगड्या काढाच, पण का काढतोय ते सांगा, तिची तिला काढू द्या, तिच्यासमोर मोजून यादी करून नातेवाईकाच्या हातात द्या. पाच मिनिटं जातील.

रात्रपाळी:
सांगून ऐकणारी असेल तर करतोच की आम्ही. जी ऐकत नाही तिचं बोला. आणि ती पाच मिनिटं दुसऱ्या चाळीस जणींकडे कोण बघणार? आधी स्टाफ भरा म्हणून एकदा तरी धागा काढा, पहिली सही माझी.

ओपीडीतला_हमाल:
दुसरी माझी. आणि सासूला बाहेर बसवायचं जमेल, उद्यापासून बघतो. बाकी मुद्दे मान्य नाहीत.