अनुभव धागा: बी.एस्सी. करतानाच वनस्पती परिसंस्थेच्या प्रयोगशाळेत काम केलंय?

सातारा-सांगलीच्या मुलांना कास, चाळकेवाडीची पठारं आणि सागरेश्वर, दंडोबाचे डोंगर एसटीच्या अंतरावर आहेत, तरी ‘संशोधन एम.एस्सी.नंतर बघू’ असंच त्यांना ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. पदवीच्या वर्षांत ज्यांनी हे काम केलं, त्यांनी सविस्तर लिहा. काय चुकलं तेही लिहा. आधी माझं सांगते.

दुसऱ्या वर्षाला होते. मॅडमना सरळ विचारलं, “तुमच्या प्रयोगशाळेत मला काही काम मिळेल का?” त्यांनी प्लास्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटरची चौकट हातात ठेवली. ऑगस्टअखेर कासला गेलो. उंची साधारण 1200 मीटर, खाली जांभा, आणि माती कुठे कुठे बोटभरही नाही. चौकट कुठे टाकायची ते आकड्यांची चिठ्ठी काढून आदल्या दिवशीच ठरलेलं, कारण माणसाचा हात आपसूक फुलांकडे जातो. वनखात्याचं परवानगीपत्र पिशवीत होतं. एकही रोप उपटायचं नाही, चौकटीतली रोपं नुसती मोजायची.

मी दोन दिवस गेंद, म्हणजे पांढऱ्या गोंड्यांची ती छोटी रोपं, मोजले. तिसऱ्या दिवशी मॅडमनी वाकून पाहिलं आणि विचारलं, “तू रोपं मोजतेयस की गोंडे?” पानांच्या एकाच झुबक्यातून कितीतरी दांडे वर येतात. मी प्रत्येक गोंडा एक रोप धरला होता. रडू आलं. त्या म्हणाल्या, “खोडू नकोस. वर ‘गोंडे’ असं लिही आणि पुढच्या पानावर पुन्हा मोज.” ते पान अजून जपून ठेवलंय.

परतल्यावर कॉलेजच्या आवारातल्या पाणथळ कुंडीतली सीतेची आसवं, ही कीटकभक्षी वनस्पती, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. खसखशीएवढ्या पिशव्या, त्यांना झाकण. झाकणावरच्या केसाला धक्का लागला की झाकण उघडतं आणि पाण्याबरोबर जीव आत ओढला जातो. कातळावरच्या मातीत नत्र फार कमी, म्हणून ही सोय. परीक्षेत हे मी आधीच लिहून आले होते, पण कळलं त्या संध्याकाळी.

माणदेशातून, तिसरं वर्ष

ताई, आमच्याकडे कास नाही, कुरणं आहेत. सरांनी मला मातीतल्या बियांचं काम दिलं. राखलेल्या कुरणातली आणि चरलेल्या कुरणातली वरची पाच सेंटिमीटर माती आणायची, ट्रेमध्ये पसरायची, रोज पाणी घालायचं, आणि जे उगवेल ते ओळखून, मोजून काढून टाकायचं. सरांनी एका ट्रेमध्ये नुसती भाजलेली वाळू ठेवली होती. मला ते उगीचच वाटलं. पंधरा दिवसांनी त्याच ट्रेमध्ये गाजर गवत उगवलं! म्हणजे गच्चीवर बी वाऱ्याने येत होतं. बाकीच्या ट्रेमधलं गाजर गवत मग आम्हाला हिशेबात धरता आलं नाही.

नुकती दोन पानं फुटलेली गवतं ओळखणं फार कठीण. एक ट्रे घरी नेला. आजीने बोट ठेवून सांगितलं, “ही पवन्या, ही मारवेल.” ओंब्या आल्यावर सरांनी खात्री केली, आजीचं बरोबर होतं. कुसळीच्या कुसळावर पाण्याचा थेंब टाकून बघा: पीळ सुटतो, कुसळ गरगर फिरतं आणि बी मातीत शिरतं. मेंढरांच्या लोकरीतून कुसळं काढत मोठा झालो, पण ती अशी का हे तेव्हा कुणाला विचारलं नव्हतं.

सांगली, आता एम.एस्सी.

मी सहा महिने पानं वाळवली, वजनं केली, तक्ते भरले. शोधनिबंध छापून आला, त्यात माझं नाव नव्हतं, आभारातही नाही. कुणाचं नाव इथे घेत नाही. पण मुलांनो, पहिल्याच दिवशी विचारा: माझं नाव कुठे येईल, प्रवासखर्च कोण देणार? विचारणं उद्धटपणा नाही. आणि आपल्या नोंदींची एक प्रत स्वतःकडे ठेवा.

मिरजेहून, दुसरं वर्ष

घरच्यांनी डोंगरावर पाठवलं नाही. मी हर्बेरियमचं, म्हणजे रोपं दाबून, वाळवून जपण्याचं काम मागून घेतलं. पावसाळ्यात दाबातले कागद रोज बदलावे लागतात. एक रविवार चुकला आणि तेरड्याला बुरशी आली. आता आई स्वतः जुनी वर्तमानपत्रं साठवते आणि पुढच्या सहलीला येते म्हणते.

शिक्षक, सातारा जिल्हा

नव्या शैक्षणिक धोरणात चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स घेता येतो. त्यासाठी पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. पण तोवर थांबू नका. मुलं माझ्याकडे सप्टेंबरात येतात, फुलं बघून. रोपं जूनमध्ये उगवतात, तेव्हा या.

उतारावरची कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, बी धरते आणि वाळते. कुठल्याच विद्यार्थ्याला तेवढा वेळ मिळत नाही, म्हणून तिच्या नोंदींची वही एका विद्यार्थ्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. ज्याने ती सुरू केली तो आता नोकरीला आहे. मागच्या महिन्यात दुसऱ्या वर्षाच्या मुलीने त्याला फोन केला: “दादा, बाराव्या चौकटीत तू ‘मेलं?’ असं प्रश्नचिन्ह टाकून लिहिलंयस. का रे?” त्याला ते रोप आठवत होतं.