मदत हवी आहे: गिटार बँड सिंथकडे वळतोय, लाइव्हला लॅपटॉप तडतडतो

नव्या अल्बममध्ये दुसरी गिटार काढून सिंथ (इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारं वाद्य) आणि सिक्वेन्स (आधीच रचून ठेवलेले, आपोआप वाजणारे सूर) घेतलेत. लॅपटॉपवरून आउटपुट १-२ वर ट्रॅक (आधी रेकॉर्ड केलेले भाग), ३ वर फक्त ड्रमरचा क्लिक (तालाची टिकटिक), सगळं ४८ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ४८ हजार नमुने). बफर (लॅपटॉप एका खेपेत किती नमुने हाताळतो ते) १२८ ठेवला की नागपूरच्या मे महिन्यात, गच्चीवर, तिसऱ्या गाण्यापासून तडतड सुरू. लॅपटॉप तापून प्रोसेसरचा वेग उतरतो. ५१२ वर आवाज स्वच्छ, पण साधारण ११ मिलिसेकंदांचा उशीर कीबोर्डवर बोटांना जाणवतो.

वायफाय बंद, ट्रॅक फ्रीझ (आधीच ऑडिओ करून ठेवणं), कूलिंग पॅड झालं. (कूलर शेजारी ठेवा म्हणू नका, दमट हवा नको.) खर्च २५ हजारांपर्यंत, साउंडचेक १५ मिनिटं.

ट्रॅक आणि क्लिक वेगळ्या मल्टिट्रॅक प्लेअरवर टाकून लॅपटॉप फक्त सिंथला ठेवावा, की उलट, हार्डवेअर सिंथ घेऊन लॅपटॉपवर ट्रॅक? आणि पहिल्या पर्यायात सिंथच्या आर्पेजिओचा (कॉर्डचे सूर एकामागून एक आपोआप वाजणं) टेम्पो प्लेअरशी कसा जुळवता?