गेल्या शतकात जग कशाने बदललं? माझं उत्तर: कंटेनर

उलवेकर

गेल्या शतकात जग सर्वांत जास्त कशाने बदललं, असं विचारलं की ठरलेली उत्तरं येतात: दोन महायुद्धं, अणुबॉम्ब, संगणक. माझं उत्तर आहे मालवाहू कंटेनर. न्हावा-शेवाच्या पट्ट्यात एका सीएफएसमध्ये (बंदराबाहेर कंटेनर भरण्या-उतरवण्याचं यार्ड) नोकरी करता करता हे मत पक्कं झालंय, आणि त्यावर मला खरोखर वाद हवा आहे.

२६ एप्रिल १९५६ ला 'आयडियल एक्स' नावाचं जहाज अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. डेकवर ५८ कंटेनर. ही कल्पना माल्कम मॅक्लीनची. तो मूळचा ट्रकवाला. ट्रकमधून एकेक नग उतरवून तो पुन्हा जहाजात रचायचा, यात जाणारा वेळ त्याला सलत होता. तोवर सुटा माल चढवायला टनामागे जवळपास ६ डॉलर पडायचे. त्या खेपेला खर्च निघाला सुमारे १६ सेंट. पण खरी क्रांती मला त्यानंतरची वाटते. कंटेनरच्या कोपऱ्याच्या जोडांचं आणि ट्विस्टलॉकचं (कंटेनर जागेवर घट्ट अडकवणारी फिरती कडी) पेटंट त्याच्या कंपनीने १९६३ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं, आणि त्याच दशकात आंतरराष्ट्रीय मापं ठरली. आज शांघायला सील झालेला ४० फुटी बॉक्स आमच्या क्रेनला, करळ फाट्यावरच्या ट्रेलरला आणि दिल्लीजवळच्या दादरीला जाणाऱ्या मालगाडीला सारखाच बसतो.

त्यामुळे जिथे विकायचं तिथेच बनवायचं, ही अट संपली. कारखाना कुठल्या देशात काढायचा हे मजुरीवर आणि बंदराच्या सोयीवर ठरू लागलं. आपलं न्हावा-शेवाचं बंदर २६ मे १९८९ ला सुरू झालं आणि २०२४-२५ मध्ये त्याने ७० लाखांहून जास्त टीईयू हाताळले (२० फुटी कंटेनर म्हणजे एक टीईयू). भिवंडीत यंत्रमागांच्या शेजारी मैलोन् मैल गोदामं उभी राहिली, ती याच साखळीतली. शाळेत आपण तहांच्या तारखा पाठ करतो. मला वाटतं, आपल्या घरातल्या वस्तू, नोकऱ्या आणि पगार यांवर त्या तहांपेक्षा या पत्र्याच्या पेटीचा हात मोठा आहे.

नत्र_ठाणे

उलवेकर, मांडणी आवडली, पण उत्तर मान्य नाही. माझी सगळी नोकरी खत कारखान्यात गेली, त्यामुळे माझा कल उघड आहे. तरीही एक साधी कसोटी लावून बघा: ती गोष्ट नसती तर काय झालं असतं? कंटेनर नसता तर माल महाग झाला असता, उशिरा आला असता. खतासाठी लागणारा अमोनिया बनवता आला नसता तर आज आहेत त्यातली निम्मी माणसंच नसती.

हवेत ७८ टक्के नत्र असतं, पण पिकाला ते थेट घेता येत नाही. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबरने प्रचंड दाबाखाली नत्र आणि हायड्रोजन एकत्र आणून अमोनिया थेंबाथेंबाने काढून दाखवला. कार्ल बॉशने त्याचा कारखाना केला, १९१३ मध्ये, ओप्पाऊला. तोवर जगाची भिस्त चिलीच्या वाळवंटातल्या सोऱ्यावर, म्हणजे नत्र असलेल्या खनिजावर होती. १९०० मध्ये जगाची लोकसंख्या १६० कोटींच्या आसपास होती, २०२२ मध्ये ती ८०० कोटींवर गेली. आज त्यातल्या साधारण निम्म्या लोकांचं अन्न कृत्रिम नत्रावर पिकतं. तुमच्या-माझ्या शरीरातल्या प्रथिनांत जे नत्र आहे, त्यातलं बरंचसं कधीतरी एखाद्या कारखान्याच्या रिॲक्टरमधून गेलेलं आहे. थळचा आणि चेंबूरचा खत कारखाना म्हणजे त्याच प्रक्रियेची आपल्याकडची घरं.

याच हाबरने २२ एप्रिल १९१५ ला पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या इप्रच्या आघाडीवर क्लोरीन हा विषारी वायू सोडण्याचं काम पुढे राहून केलं. त्याची पत्नी क्लारा स्वतः रसायनशास्त्रज्ञ होती. त्यानंतर काही दिवसांतच तिने आत्महत्या केली. १९१८ चं नोबेल मात्र हाबरला मिळालं. विज्ञान आणि युद्ध असे दोन वेगळे धडे करून शिकवतात, ते मला म्हणूनच खटकतं.

बोरीबंदर_ते_ठाणे

ठाणेकर म्हणून मध्ये बोलतोच. १६ एप्रिल १८५३ ला पहिली आगगाडी आपल्या ठाण्याला आली, ३४ किलोमीटर. अंतराचा हिशेब तेव्हाच बदलला. कंटेनर त्याचंच पुढचं पाऊल.

उलवेकर

दादा, रेल्वेने माणूस आणि माल दोन्ही वेगाने नेले, हे खरं. पण बंदरात पोचल्यावर तोच माल पुन्हा पाठीवर यायचा. १८५३ नंतर शंभर वर्षं तो तसाच पाठीवरून जात राहिला. अडलेली गाठ तिथे होती.

गोदीवाल्याचा_मुलगा (कळवा)

"पाठीवर यायचा" हे तुम्ही एका ओळीत संपवलंत, पण ती पाठ कुणाची होती? माझे वडील मुंबई गोदीत होते. हातात लोखंडी आकडा, टोळीत नंबर, पाळी लागली की हॅचमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटात उतरायचं. काम अंग मोडणारं होतं, त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण गोदी कामगारांनी लढून मिळवलेला हजेरीचा हक्क, पगार आणि पेन्शन त्या कामाला जोडलेलं होतं.

कंटेनर आला तेव्हा जगभर हाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या युनियनने १९६० मध्ये करार केला: यंत्रं आणा, पण वाचलेल्या पैशात कामगाराचा वाटा ठेवा. लंडनमध्ये रॉयल डॉक्स १९८१ मध्ये बंद पडले, आणि ब्रिटनने गोदी कामगारांना संरक्षण देणारी योजना रद्द केली ती १९८९ मध्ये, म्हणजे आपलं नवं बंदर सुरू झालं त्याच वर्षी. यंत्र एकच, पण कामगाराच्या वाट्याला वेगवेगळं आलं. मग फरक कुणी केला, पेटीने की वाटाघाटीने? आज तुमच्या पट्ट्यात कंत्राटावर राबणाऱ्या पोरांकडे बघा आणि सांगा.

घोडबंदर_रोड

उलवेकर, युद्धाला तुम्ही फार लवकर बाजूला केलंत. 'आयडियल एक्स' हे मुळात दुसऱ्या महायुद्धातलं तेलवाहू जहाज. कंटेनरला खरं बळ मिळालं ते व्हिएतनाममुळे. अमेरिकन सैन्याची रसद बंदरांत तुंबली होती. १९६७ मध्ये मॅक्लीनच्या कंपनीला व्हिएतनाममधल्या काम्रान्ह उपसागरापर्यंत माल नेण्याचं कंत्राट मिळालं. परतीच्या रिकाम्या जहाजांनी मग जपानचा माल अमेरिकेला न्यायला सुरुवात केली. जपानी टीव्ही आणि टेपरेकॉर्डर अमेरिकेत स्वस्त पोचले, त्यामागे हेही एक कारण आहे. नोव्हेंबर २०२३ पासून लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि मोठ्या कंपन्यांनी आफ्रिकेला वळसा घातला. तेव्हा तुमच्याच यार्डात वेळापत्रकं कोसळली असतील. तुमची पेटी युद्धाने वाढवली, आणि युद्ध तिला अडवूही शकतं.

उलवेकर

युद्धाने वेग दिला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वळशामुळे युरोपची खेप दहा-दहा दिवस उशिरा येताना आम्ही पाहिली आहे. पण युद्धाशिवाय मोठं काही घडतच नाही, हे मला पटत नाही. देवीचं उदाहरण घ्या. विसाव्या शतकात या रोगाने सुमारे ३० कोटी माणसं मारली. १९५८ मध्ये निर्मूलनाचा प्रस्ताव मांडला सोव्हिएत रशियाच्या झ्डानोव्ह यांनी. १९६७ पासून मोहीम चालवली अमेरिकेच्या हेंडरसन यांनी. लस मोठ्या प्रमाणात रशियाची होती, आणि तेव्हा हे दोन देश एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले. भारतात शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि ८ मे १९८० ला जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. कंटेनरची मापंसुद्धा अशीच टेबलावर बसून, भांडत, वर्षानुवर्षं घासून ठरली. ती कुठल्या सेनापतीने ठरवली नाहीत.

जासईची_लेक (उरण)

उलवेकर दादा, टेबलावर मापं ठरली म्हणता. त्या टेबलाशी न्हावे, शेवे, जासई कुठे होतं?

तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये १९८९ आहे, १९८४ नाही. नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेण्याचा निर्णय झाला. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी, सगळं त्यात आलं. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला दास्तान फाटा आणि पागोटे परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, हे तत्त्व त्या लढ्यातून आलं. देशातल्या जमीन संपादनाच्या चर्चेत ते आजही निघतं.

नत्र काका, तुमची कसोटी मी इथे लावते. हा लढा नसता तर बंदर झालंच असतं, क्रेन चालल्याच असत्या, पण इथल्या आगरी-कोळी घरांच्या हातात सातबाऱ्याच्या बदल्यात काहीच उरलं नसतं. शोध जगाला पोचतो तो कुणाच्या तरी जमिनीवर उतरून. म्हणून माझ्या यादीत पहिला नंबर पेटीला नाही, अमोनियालाही नाही. विस्थापितांनी मोबदल्याच्या अटी स्वतः ठरवायला भाग पाडलं, तो बदल मी वर ठेवते. नर्मदेच्या खोऱ्यात, कोयनेच्या धरणग्रस्तांत आणि आपल्याकडे तो वेगवेगळ्या रूपांत घडला. तुमच्या सीएफएसमध्ये प्रकल्पग्रस्तांची किती पोरं कायमस्वरूपी आहेत, ते उद्या कामावर गेलात की विचारा आणि इथे लिहा.