मेरोपेनेम हे अँटिबायोटिक दोन सह्यांशिवाय मिळू नये: नवजात बाळांच्या रक्तसंसर्गाबद्दल

निशिगंध
दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) २०११ ते २०१४ दरम्यान झालेला अभ्यास पुन्हा वाचला. सर्वांत जास्त सापडलेला जंतू असिनेटोबॅक्टर, आणि त्यातले ८२ टक्के एकाच वेळी अनेक औषधांना दाद न देणारे. ब्लड कल्चर (रक्तात जंतू वाढतात का याची तपासणी) पॉझिटिव्ह आलेली जवळजवळ निम्मी बाळं दगावली. म्हणून माझा आग्रह आहे: मेरोपेनेम, कोलिस्टिन या अँटिबायोटिक्सना दुसऱ्या वरिष्ठ डॉक्टरची सही लागलीच पाहिजे. आधी कल्चर, मग डोस. ४८ तासांनी कल्चर निगेटिव्ह आणि बाळ ठीक असेल तर औषध बंद.

डॉ. सह्याद्री
पूर्ण विरोध. तालुक्याच्या गावात माझं बाळांचं हॉस्पिटल आहे. अकराशे ग्रॅमचं बाळ, दूध ओढत नाही, अंग गार, मध्येच श्वास थांबतो. रात्री दोन वाजता दुसरी सही कुणाची आणू? कल्चर मी घेतोच, पण नमुना जिल्ह्याला जातो, रिपोर्टला तीन दिवस लागतात. अँपिसिलिन-जेंटामायसिन या नेहमीच्या अँटिबायोटिक्सनी सुरुवात करावी तर जंतू दाद देत नाहीत, हे तुम्हीच लिहिलंय. आधी लॅब द्या, मग नियम करा.

निशिगंध
रात्रीचा पहिला डोस कुणी अडवू नये, सही सकाळी चालेल. मला छळतं ते कल्चर निगेटिव्ह येऊनही दहाव्या दिवशी चालूच असलेलं मेरोपेनेम.

इन्चार्ज सिस्टर
तुम्ही दोघंही औषधावरच भांडताय. त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश आजार जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांतले होते. इतक्या लवकर असा जंतू येतो तो बहुधा लेबर रूममधून, सक्शनच्या नळीतून, आमच्या हातांतून. एका वॉर्मरवर (बाळाला ऊब देणाऱ्या पाळण्यावर) दोन बाळं आणि अख्ख्या पाळीला एक सिस्टर असेल, तर प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी हात धुणं होत नाही. सलाईनच्या लाइनचं तोंड स्पिरिटने घासायलाही उसंत नसते. सहीचा कागद वाढवण्यापेक्षा सिस्टर वाढवा. आणि आईला आत घ्या! दिल्लीच्या सफदरजंगसह पाच देशांतल्या रुग्णालयांत कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर कांगारू केअर दिलं, म्हणजे आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं. २०२१ मध्ये निष्कर्ष आले, मृत्यू २५ टक्क्यांनी कमी, सेप्सिसची (रक्तसंसर्गाची) शंकाही कमी.

डॉ. सह्याद्री
आईबरोबर बाहेरचे जंतू येणार नाहीत?

इन्चार्ज सिस्टर
आईच्या अंगावरचे जंतू बाळाला परवडतात, डॉक्टर. वॉर्डातले नाही.

डॉ. सह्याद्री
हे पटलं, आईसाठी खुर्ची ठेवायला जागा करतो. सहीला मात्र विरोध कायम. ४८ तासांचा नियम पाळायला मी तयार आहे, पण त्यासाठी लॅब रविवारीही उघडी हवी.